दस्ता आधी, नळी नंतर

रायफल विकत घ्यायला निघालेला माणूस सगळ्यात आधी नळी बघतो. कुठल्या कंपनीची, कोणत्या सालची, किती गोळ्या झाल्यात. मग ट्रिगर ओढून बघतो, साइटमधून भिंतीवरचं कॅलेंडर न्याहाळतो आणि थेट किमतीवर येतो. दस्ता, म्हणजे रेंजवर सगळे ज्याला स्टॉक म्हणतात तो भाग, पाहिला जातो तो पॉलिश कसं आहे एवढ्यापुरता. माझी लेक दहा मीटर एअर रायफल खेळते आणि माझी उमेदीची सगळी वर्षं भोसरीच्या टूल रूममध्ये फिक्स्चर बनवण्यात गेली. दोन्हीकडचं बघून सांगतो, हा क्रम उलटा आहे.

वॉल्थर, फाइनवेर्कबाऊ, आन्शुट्झ, स्टायर यांपैकी कुठलीही धडधाकट मॅच रायफल व्हाइसमध्ये आवळून दहा मीटरवर चालवा. गोळ्या जवळजवळ एकाच भोकातून जातील. लक्ष्यावरचा दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो आणि आमच्या धंद्यात अर्धा मिलिमीटर म्हणजे ढोबळ माप. तरी तो ठिपका भल्याभल्यांना घाम फोडतो, कारण स्पर्धेत रायफल व्हाइसमध्ये नसते. ती उभ्या माणसाच्या हातात असते, त्याचा श्वास चालू असतो, छाती धडधडत असते आणि ७५ मिनिटांत ६० गोळ्या मारायच्या असतात. दर गोळीला रायफल खाली येते, पुन्हा वर जाते. पुन्हा वर गेल्यावर ती मघाशी होती त्याच जागी बसली का, एवढाच खरा प्रश्न.

फिक्स्चर बनवणाऱ्याला हा प्रश्न रोजचा. मशीनवर जॉब चढवला, काम झालं, उतरवला, दुसरा चढवला. प्रत्येक जॉब त्याच जागी टेकला पाहिजे, नाहीतर भोक सरकतं. एअर रायफलच्या उभ्या पोझिशनमध्ये शरीर दस्त्याला चार ठिकाणी टेकतं. उजवखोऱ्या नेमबाजाचा डावा हात खालून, उजवा हात ग्रिपवर, खांदा बट प्लेटला आणि गाल चीक पीसला. हे चार टेकू दरवेळी तेच मिळाले, तर डोळा मागच्या साइटच्या भोकासमोर आपोआप येतो. त्यातला एक जरी सरकला तरी शरीर नकळत ओढाताण करून जमवून घेतं, आणि ओढून आणलेली पोझिशन साठ गोळ्या टिकत नाही. चाळिसाव्या गोळीला मान भरते, पन्नासावीला पाठ बोलायला लागते.

आमच्याकडे पहिली रायफल आली ती जुनी, चांगल्या जर्मन कंपनीची, अक्रोडाच्या लाकडी दस्त्याची. लेक तेव्हा सहावीत. शाळेच्या सुट्टीत चिंचवडच्या एका छोट्या रेंजवर जायला लागली, क्लबच्या रायफलवर बरे गुण आणायला लागली आणि दिवाळीच्या बोनसमध्ये सोसायटीच्या कर्जाची भर घालून आम्ही ही रायफल घेतली. विकणारे गृहस्थ मोठे नेमबाज, उंचीनेही मोठे. दस्ता ठरावीक लांबीचा, काहीही न हलणारा, वर त्यांनी ग्रिपला स्वतःच्या पंजाप्रमाणे लांबी भरून घासलेली. मी विचारलं, "पोरीला लांब नाही का होत?" तर म्हणाले, "वाढतं वय आहे. वर्षभरात बसेल अंगाला." बोलणं पटण्यासारखंच होतं. नवी मॅच रायफल दोन-अडीच लाखांच्या पुढे जाते, त्या मानाने ही अर्ध्याहून कमी किमतीत मिळत होती.

दस्ता लांब असला की काय होतं ते मला तेव्हा कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, म्हणून इथे नीट सांगतो. बट खांद्याला लावली की रायफलचं सगळं वजन शरीरापासून पुढे जातं. पुढे गेलेलं वजन तोलायला पोर कंबरेतून मागे वाकते. थोडं मागे वाकणं या पोझिशनमध्ये असतंच, पण इथे ते मर्यादेबाहेर जातं. डावं कोपर खरं तर कमरेच्या हाडावर टेकायला हवं, म्हणजे वजन हाडांवरून जमिनीत उतरतं आणि स्नायू मोकळे राहतात. लांब दस्त्यात हात इतका पुढे जातो की कोपर हाडापर्यंत पोचतच नाही. मग सगळा भार दंडावर आणि पाठीच्या खालच्या मणक्यांवर. उजव्या हाताचं बोट ट्रिगरपर्यंत पोचावं म्हणून खांदा पुढे ढकलला जातो. चीक पीस मोठ्या माणसाच्या चेहऱ्याच्या मापाची, म्हणून मान वाकडी. आणि रायफलचं वजन पाच किलोच्या आसपास, पोरीचं स्वतःचं पस्तीस. गुण मात्र सुरुवातीला वाढतच होते, कारण रायफल क्लबच्या रायफलपेक्षा कितीतरी सरस होती. वाढते गुण दिसत असताना पाठदुखीकडे कोण बघतो? शेवटी फिजिओथेरपिस्टने काही महिने रायफल उचलायची बंदी घातली.

त्या मोकळ्या महिन्यांत दस्ता कापायचं ठरलं. लाकूडच ते, कापता येतं. सुताराने सफाईने कापला, पण कापताना बटचा कोन थोडा बदलला आणि खालचं टोक काखेत रुतायला लागलं. ते घासून नीट केलं, बट प्लेटची भोकं पुन्हा पाडली. पोर परत उभी राहिली तेव्हा खरंच छान दिसली, कोपर कमरेवर, मान सरळ. पण पुढच्या वर्षभरात ती वीतभर उंच झाली! आता दस्ता आखूड. मग मी सहा मिलिमीटरच्या ॲल्युमिनियम प्लेटची पॅकिंग कापून बट प्लेटच्या मागे घालायला लागलो. एक, मग दोन, मग तीन. लांबी साधली, पण मागचा भाग जड होत गेला आणि रायफलचा तोल बदलला. शिवाय पॅकिंगने लांबी वाढते, चीक पीसची उंची वाढत नाही. चीक पीस लेकीच्या गालाच्या खाली राहायला लागली. कापलेला दस्ता परत वाढत नाही, हे सुताराला विचारायची गरज नव्हती.

म्हणून पुढची रायफल ॲल्युमिनियमच्या दस्त्याची, जिथे सगळंच हलतं. बट प्लेट मागेपुढे, वरखाली, तिरकी. चीक पीस वरखाली, आतबाहेर. ग्रिप मागेपुढे आणि थोडी फिरणारी. डाव्या हाताखालचा आधारही वरखाली. टूल रूमच्या माणसाला असलं काही हातात आलं की सणच.

हलणाऱ्या दस्त्याचा धोका पहिल्याच आठवड्यात दिसतो आणि तो गोड असतो. लेकीने चीक पीस थोडी वर घेतली, त्या दिवशी गुण वाढले. पुढच्या आठवड्यात बट प्लेट खाली, पुन्हा वाढले. नंतर कळलं की सेटिंग कुठलंही बदललं तरी पहिले दोन-तीन दिवस गुण वाढतातच. नव्या जागी शरीर सावध असतं, प्रत्येक गोळी विचार करून सुटते. सवय झाली की सावधपणा जातो, गुण परत जागेवर येतात आणि मुलाला वाटतं की सेटिंग बिघडलं. मग पुन्हा ॲलन की फिरते. महिनाभरात पोरीचं रायफलवर कमी आणि स्क्रूवर जास्त लक्ष. एका रविवारी कोच मॅडमनी काही न बोलता तिच्या किटमधली ॲलन की काढून आपल्या पर्समध्ये टाकली आणि म्हणाल्या, "दिवाळीनंतर माग." खरं सांगायचं तर त्या महिन्यात बाकी कुणीही केलं नसेल एवढं चांगलं काम त्या एका कृतीने झालं.

दुसरा धोका मात्र पर्समध्ये ठेवून जात नाही. जिल्ह्याच्या एका स्पर्धेत लेकीची सुरुवात उत्तम झाली. १०.४, १०.५, १०.३. साधारण विसाव्या गोळीनंतर गोळ्या खाली उतरायला लागल्या. १०.१, ९.९, ९.८. तिने साइटला वरचे क्लिक दिले. दोन गोळ्या बऱ्या, पुन्हा खाली. पुन्हा क्लिक. शेवटच्या दहा गोळ्यांत ती नुसती पाठलाग करत होती. स्पर्धा संपल्यावर मी चीक पीसला अंगठ्याने दाबलं तर ती मिलिमीटरभर डुलली. स्क्रू ढिला. गाल टेकला की थोडा खचायचा. डोळा मागच्या भोकाच्या मध्यापेक्षा खाली यायचा. डोळा खाली गेला की गोळी खाली जाते. आदल्या दिवशी रायफल गाडीच्या डिकीत चाकण–तळेगाव रस्त्याने फिरली होती. त्या रस्त्यावर ट्रेलरच्या रांगेत तास तास जातो आणि खड्ड्यांत काय काय ढिलं होतं हे तिथल्या कुठल्याही वाहतूकदाराला विचारा.

याच्यावरचा उपाय भोसरी-चाकणच्या पट्ट्यातल्या प्रत्येक असेंब्ली लाइनवर रोज चालू असतो. बोल्ट ठरलेल्या टॉर्कला आवळला की ऑपरेटर पेंट मार्करने एक रेघ मारतो, अर्धी बोल्टच्या डोक्यावर आणि अर्धी खालच्या बॉडीवर. बोल्ट तसूभर फिरला तरी रेघ तुटलेली दिसते. मी पिवळा मार्कर आणून दस्त्यावरच्या प्रत्येक स्क्रूवर तशीच रेघ मारली. आता रायफल पेटीतून बाहेर आली की लेक आधी रेघा बघते, मग साइट लावते. मार्कर स्टेशनरीच्या दुकानात मिळतो आणि साठ-सत्तर रुपयांत वर्षभर पुरतो. मला विचाराल तर हलणाऱ्या दस्त्यावर केलेला सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी खर्च हाच. स्क्रू ढिले राहू नयेत म्हणून जीव खाऊन आवळणं हा मात्र उपाय नव्हे. ॲल्युमिनियमचे आटे एकदा गेले की दस्ता गेला. कंपनीच्या पुस्तिकेत टॉर्क दिलेला असतो, तेवढाच द्यायचा, आणि त्यासाठी छोटा टॉर्क स्क्रू ड्रायव्हर क्लबने एक घेऊन ठेवावा.

मग ठरावीक दस्ता वाईट आणि हलणारा चांगला, असं म्हणायचं का? नाही. आमच्या कंपनीतला एक सहकारी, वय पस्तिशीचं, रविवारी सकाळी दोन तास नेमबाजी करतो, ते मन हलकं व्हावं म्हणून. त्याने माझ्याआधी हलणारा दस्ता घेतला आणि वर्षभर त्याच्याशी झटला. नंतर त्याने एका मित्राची साधी लाकडी दस्त्याची रायफल हातात घेतली, ती त्याच्या खांद्याला जन्मजात असल्यासारखी बसली आणि त्याने अदलाबदल करून टाकली. अंगाची वाढ थांबलेला, फक्त उभ्याने खेळणारा, स्पर्धेच्या मागे न लागलेला माणूस. त्याला बसणारा ठरावीक दस्ता मिळाला तर त्याहून निर्धास्त दुसरं काही नाही. त्यात डुलायला काही नसतं, किंमत कमी असते, पावसाळ्यात लाकूड थोडं फुगलं तर ॲक्शनचे, म्हणजे नळी-ट्रिगरचा भाग दस्त्याला धरून ठेवणारे, दोन स्क्रू तपासले की झालं. अट एकच, बसणारा मिळाला पाहिजे. न बसणारा ठरावीक दस्ता माणसालाच वाकवतो.

आणि पहिल्या वर्षी तर दोन्हींतलं काहीच विकत घेऊ नये. अंजली भागवत यांची सुरुवात मुंबईच्या कीर्ती कॉलेजात एनसीसीमधून झाली. २००० मध्ये त्या सिडनी ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत होत्या. एनसीसीच्या .२२ रायफली सगळ्या कॅडेटना एकाच मापाच्या लाकडी दस्त्याच्या, त्यावर शिकलेले कितीतरी नेमबाज पुढे गेले. नवशिक्या मुलाची उभं राहायची पद्धतच पहिले काही महिने दर आठवड्याला बदलते. तोवर मापं घेऊन उपयोग काय? क्लबची रायफल, क्लबचं जॅकेट, आणि घरी आरशासमोर रिकाम्या रायफलने उभं राहायचा सराव, एवढं पुरतं.

सध्या मात्र पालकांना थांबवणं कठीण झालंय. १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिसमध्ये स्वप्नील कुसाळे यांनी ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक घेतलं. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा मुलगा, पुण्यात रेल्वेत नोकरी, सराव बालेवाडीला. आपल्याच अंगणातलं पदक. त्यानंतर पिंपरी-चिंचवडमधल्या रेंजवर नावं नोंदवायला रांगा लागल्या आणि मला ओळखणारे तीन-चार पालक तरी "स्वप्नीलसारखी, सगळं हलणारी रायफल हवी" म्हणून आले. त्यांना समजावून सांगावं लागलं की स्वप्नील यांचा खेळ वेगळा आहे. थ्री पोझिशनमध्ये एकाच रायफलने आधी गुडघ्यावर बसून, मग पोटावर झोपून, मग उभं राहून मारायचं असतं. तिन्ही वेळा खांदा, गाल आणि हात वेगळ्या जागी येतात. दोन पोझिशनच्या मधल्या वेळेत बट प्लेट, चीक पीस बदलावे लागतात, ठरलेल्या मापावर, घड्याळाकडे बघत. तिथे हलणारा दस्ता म्हणजे चैन नाही, त्याच्याशिवाय खेळच होत नाही. शिवाय ती .२२ ची रायफल, तिला शस्त्र परवाना लागतो. तुमच्या मुलाची ४.५ मिलिमीटरची एअर रायफल, ऊर्जा २० ज्यूलच्या आतली, तिला परवाना लागत नाही आणि तिचा खेळ फक्त उभ्याने. दहा मीटर एअर रायफलमध्ये अभिनव बिंद्रा यांनी २००८ ला बीजिंगमध्ये सुवर्ण घेतलं आणि गगन नारंग यांनी २०१२ ला लंडनमध्ये कांस्य. मुलाला आदर्श हवा असेल तर तो या खेळातला दाखवा, म्हणजे निदान मापं तरी बरोबर बघितली जातील.

फौजेतले एक नातेवाईक देहूरोडहून घरी आले होते, त्यांनी दस्त्यावरची माझी बडबड ऐकून वेगळीच गोष्ट सांगितली. इन्सासच्या नेहमीच्या रायफलचा दस्ता ठरावीक लांबीचा. आता येणाऱ्या एके-२०३ चा दस्ता दुमडतोही आणि त्याची लांबीही कमीजास्त होते. बुलेटप्रूफ जॅकेट चढवलं की खांदा दोन बोटं पुढे येतो, मग तोच दस्ता लांब वाटायला लागतो, म्हणून. ऐकून मला आमच्या पोरांची आठवण झाली, कारण नेमबाजीचं जॅकेटही तेच करतं. कॅनव्हास आणि चामड्याचं ते ताठ जॅकेट घातलं की खांद्याजवळ जाडी वाढते. टी-शर्टवर घेतलेलं माप जॅकेटवर चुकतं. दुकानात, पंख्याखाली, टी-शर्टवर रायफल खांद्याला लावून "बसली" म्हणणाऱ्यांची मला काळजी वाटते.

वाढत्या मुलासाठी माझं मत स्पष्ट आहे. अकरा ते सोळा या वयात दस्ता हलणाराच घ्यावा, पण सगळं हलणारा नको. लाकडी दस्ता, ज्यात बट प्लेटची लांबी-उंची आणि चीक पीस एवढंच हलतं, असे ज्युनिअर नमुने मोठ्या कंपन्या बनवतात. ते हलके असतात, स्वस्त असतात आणि पोरांना फिरवायला स्क्रूही कमी. नियमात एअर रायफलचं वजन जास्तीत जास्त ५.५ किलो चालतं, याचा अर्थ तेवढं असायलाच हवं असा नाही. ज्युनिअर मुलाच्या रायफलवर वजनाच्या चकत्या चढवणारे बाप मी पाहिलेत. अशी रायफल इक्विपमेंट कंट्रोलच्या काट्यावर ५.५ च्या वर गेली की ऐन स्पर्धेच्या सकाळी धावपळ, आणि नाही गेली तरी पाठ आहेच. डावखुरं मूल असेल तर आणखी जपून. ठरावीक दस्ते बहुतेक उजवखोऱ्यांचे असतात. मूल लिहितं कुठल्या हाताने ते न बघता त्याचा जोरकस डोळा कुठला ते आधी तपासा. दोन्ही हात लांब करून तळव्यांत छोटं भोक करायचं, दोन्ही डोळे उघडे ठेवून त्यातून भिंतीवरचा ठिपका पाहायचा आणि मग एकेक डोळा मिटायचा. जो डोळा मिटल्यावर ठिपका गायब होतो, तो जोरकस.

दस्ता घरी आला की सेटिंग करायला बसा, पण आधी सुरक्षा. गोळी नाही ना, बोल्ट उघडा आहे ना, नळीत सुरक्षेचा झेंडा घातलाय ना, हे बघितल्याशिवाय एकही स्क्रू हलवायचा नाही. मुलाला जॅकेट, ट्राउझर, बूट घालून उभं करा. आधी रायफल न देता नुसती पोझिशन. मग रायफल द्या आणि पहिल्यांदा लांबी ठरवा. ट्रिगरवर बोट सहज यावं आणि कोपर कमरेवर टेकावं. त्यानंतर बट प्लेटची उंची, मान सरळ राहील अशी, कारण रायफलने डोक्यापर्यंत यायचं असतं, डोक्याने रायफलपर्यंत जायचं नसतं. चीक पीस शेवटी. बरेच जण चीक पीसपासून सुरुवात करतात आणि मग लांबी बदलली की सगळं पुन्हा करतात. पारख अशी: मुलाला डोळे मिटून रायफल खांद्याला लावायला सांगा, गाल टेकू द्या, दोन श्वास घेऊ द्या आणि मग डोळे उघडायला सांगा. मागच्या साइटच्या मधोमध पुढची साइट दिसली तर झालं. नाही दिसली तर चीक पीस किंचित हलवा, पुन्हा डोळे मिटा.

सापडलेली मापं लिहून ठेवा. ट्रिगरपासून बट प्लेटच्या मध्यापर्यंत, ॲक्शनच्या वरच्या पाठीपासून चीक पीसच्या माथ्यापर्यंत, बट प्लेटच्या पट्टीवरचा आकडा, ग्रिपची जागा. व्हर्निअर असेल तर उत्तम, नाहीतर स्टीलची पट्टी लावून मोबाइलवर फोटो. खाली तारीख आणि मुलाची उंची. आमच्याकडे मशीनचं सेटिंग लिहिल्याशिवाय पाळी बदलत नाही. रायफलचंही तसंच असावं. नंतर एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि ती किमान दोन आठवडे तशीच ठेवायची. स्पर्धेच्या आधीच्या महिन्यात काहीच बदलायचं नाही, मग कोणी ऑलिंपियन येऊन सांगो. मुलाची उंची मात्र शाळेच्या दर मोठ्या सुट्टीत मोजा, कारण दस्ता बदलायचा खरा हिशेब गुणांवर नसतो, उंचीवर असतो.

जुनी रायफल घेणाऱ्यांसाठी दोन गोष्टी राहिल्या. हवेच्या सिलिंडरवर कोरलेली तारीख वाचा. जर्मन कंपन्या दहा वर्षांनंतर सिलिंडर वापरू नका म्हणतात आणि नवा सिलिंडर स्वस्त नसतो. आणि लाकडी दस्त्याची बट कापलेली आहे का ते बघा. बट प्लेट काढली की मागे जुनी, बुजवलेली भोकं दिसतात. कापलेली असेल तर किती आणि कोणासाठी, हे विचारल्याशिवाय पैसे देऊ नका. बघायला जाताना मुलाला सोबत न्या, जॅकेटसकट. विकणारा "वाढेल, बसेल" म्हणाला तर तुम्ही किंमत विचारायच्या आत घरी या.

शेवटची विनंती ज्यांची मुलं आता मोठी झाली त्यांना. निगडी, आकुर्डी, भोसरी, चाकण या भागांत कितीतरी घरांच्या माळ्यावर ज्युनिअर दस्ते आणि आखूड बट प्लेट धूळ खात पडल्यात. त्यांना बाजारात भाव येत नाही, कारण ज्याला हवा त्याला दोन वर्षांत तो पुन्हा लहान होतो. भाव येण्याची वाट बघू नका. जवळच्या शाळेच्या किंवा क्लबच्या रेंजवर नेऊन द्या, मापांचा कागद सोबत बांधून.